अमिनो आम्ल वाहक प्रथिनांचे अभियांत्रिकीकरण

अमिनो आम्ल वाहक प्रथिनांचे अभियांत्रिकीकरण म्हणजे किण्वनाद्वारे अमिनो आम्ले तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या पेशीपटलातील वाहक प्रथिनांमध्ये जनुकीय पातळीवर हेतुपूर्वक केलेले बदल होत. अमिनो आम्ल पेशीत तयार झाले म्हणजे उत्पादन झाले असे नाही; ते पेशीबाहेरच्या द्रवात आले तरच हाती लागते. पेशीपटल मेदाच्या दुपदरी थराचे असते आणि विद्युत्भारित अमिनो आम्लांना त्यातून सहजी पार होता येत नाही. त्यासाठी पटलात बसवलेली विशिष्ट प्रथिने लागतात. पदार्थ आत आणणाऱ्या प्रथिनांना या लेखात आवक वाहक आणि बाहेर सोडणाऱ्या प्रथिनांना जावक वाहक म्हटले आहे. उत्पादन वाढवण्यासाठी साधारणपणे जावक वाहक बळकट केले जातात, तयार माल परत आत नेणारे आवक वाहक काढून टाकले जातात आणि साखर आत घेणाऱ्या वाहकांमध्ये सोयीचे बदल केले जातात.

लायसीन, थ्रिओनीन, व्हॅलीन, ट्रिप्टोफेन, सिस्टीन, आर्जिनीन आणि ग्लुटामेट ही या पद्धतीने सुधारलेल्या उत्पादनाची प्रमुख उदाहरणे आहेत. जगात लायसीनचे उत्पादन दरवर्षी वीस लाख टनांहून अधिक होते व त्याचा बहुतांश भाग कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात जातो. ज्वारी, मका, गहू या तृणधान्यांत लायसीन कमी असल्याने ही मागणी निर्माण होते. मराठवाड्यासारख्या ज्वारी, तूर व सोयाबीन पिकवणाऱ्या प्रदेशाशी या विषयाचा संबंध येतो तो येथेच. जीवाणूतील अशा दोन जावक वाहकांची ओळख पटवणारे भारतीय संशोधन हैदराबाद येथे झाले आहे. त्याची माहिती पुढे स्वतंत्रपणे दिली आहे.

पार्श्वभूमी

१९०८ मध्ये टोकियो येथील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या अर्कातून ग्लुटामेट वेगळे केले आणि विशिष्ट चव त्याच्यामुळे येते हे दाखवले. पुढच्याच वर्षी ते अजिनोमोतो या नावाने बाजारात आले. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे ग्लुटामेट मुख्यतः गव्हातील ग्लुटेन व पुढे सोयाबीनची पेंड तीव्र आम्लात उकळून काढले जात असे. ही पद्धत खर्चिक होती आणि कच्चा माल म्हणून धान्याचेच प्रथिन वापरावे लागे.

१९५६ मध्ये क्योवा हाक्को या जपानी कंपनीतील शुकुओ किनोशिता, शिगेझो उदाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांना साखरेपासून ग्लुटामेट तयार करून ते बाहेर सोडणारा जीवाणू सापडला. त्याचे सुरुवातीचे नाव मायक्रोकॉकस ग्लुटामिकस असे होते. आज तो कॉरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम म्हणून ओळखला जातो. तो शोधण्याची युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. ग्लुटामेट मिळाल्यावाचून वाढूच न शकणारा दुसरा एक जीवाणू परीक्षक म्हणून वापरण्यात आला. ज्या वसाहतीच्या भोवती हा परीक्षक जीवाणू वाढू लागेल ती वसाहत ग्लुटामेट बाहेर सोडत असली पाहिजे, असे अनुमान होते. शेजाऱ्याच्या अंगणात सांडलेल्या दाण्यावर जगणाऱ्या पाखरासारखी ही परीक्षा असून, वाहकांच्या संशोधनात ती अर्धशतकानंतरही उपयोगी पडली.

१९५८ मध्ये याच गटाने त्या जीवाणूच्या उत्परिवर्तित वाणापासून लायसीन मिळवले. तेव्हापासून सुमारे तीन दशके वाणसुधारणेचे सारे लक्ष पेशीच्या आतील रसायनक्रियेवर राहिले. कोणत्या विकराला अंतिम उत्पादन आवर घालते, तो आवर कसा काढावा, कोणती उपशाखा बंद करावी, हे प्रश्न हाताळले गेले. माल बाहेर कसा पडतो हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारला नाही, कारण त्याचे एक उत्तर आधीच गृहीत धरलेले होते.

गळती की दार

ग्लुटामेटचे उत्पादन काही विशिष्ट परिस्थितीतच होते. बायोटीन या जीवनसत्त्वाची कमतरता असणे, माध्यमात थोडे पेनिसिलीन टाकणे किंवा विशिष्ट पृष्ठक्रियाशील पदार्थ घालणे, यांपैकी काही केले की जीवाणू ग्लुटामेट सोडू लागतो. बायोटीन मेदाम्लांच्या निर्मितीस लागते आणि पेनिसिलीन पेशीभित्तिकेची बांधणी बिघडवते. त्यामुळे पेशीचे आवरण सैल होऊन ग्लुटामेट गळते, असे स्पष्टीकरण सर्वमान्य झाले. पाठ्यपुस्तकांत ते वर्षानुवर्षे छापले गेले.

या स्पष्टीकरणात एक उघड अडचण होती. आवरण खरोखर सैल झाले असेल तर पेशीतील इतर लहान रेणूही त्याच प्रमाणात बाहेर यावयास हवेत. प्रत्यक्षात बाहेरच्या द्रवात प्रामुख्याने ग्लुटामेटच आढळते. लायसीनच्या बाबतीत तर अडचण अधिकच ठळक होती. लायसीन तयार करणाऱ्या वाणांना बायोटीनची कमतरता लागत नाही, आवरण धडधाकट असते, आणि तरीही लायसीन बाहेर पडते. १९९१ मध्ये जर्मनीतील यूलिख येथे श्टेफान ब्रोअर आणि राइनहार्ड क्रेमर यांनी या जावकीचे मापन करून दाखवले की, लायसीनचा धनभारित रेणू दोन हायड्रॉक्सिल आयनांसह बाहेर जातो आणि ही क्रिया पटलावरील विद्युत्दाब व आम्लतेतील फरक यांवर चालते. गळतीला असा नेमका हिशेब नसतो. येथे वाहक असणार हे स्पष्ट झाले, परंतु त्याचे जनुक अजून अज्ञात होते.

ग्लुटामेटच्या बाबतीत उलगडा व्हायला २००७ साल उजाडले. अजिनोमोतो कंपनीतील जुन नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी पेशीपटलावरील ताण ओळखून उघडणाऱ्या एका मार्गिका प्रथिनाच्या जनुकातील उत्परिवर्तने शोधली. ही उत्परिवर्तने असलेला जीवाणू बायोटीनची कमतरता किंवा पेनिसिलीन यांच्याशिवायच ग्लुटामेट सोडू लागला. जुन्या युक्त्या आवरणाला भोके पाडत नव्हत्या. त्या पटलातील ताण बदलून एक विशिष्ट दार उघडत होत्या, असा याचा अर्थ लावला जातो. गळतीचे जुने स्पष्टीकरण पूर्णपणे चुकीचे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आवरणात बदल होतो हे निरीक्षण खरेच होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा अपुरा होता.

लायस-ई

जावक वाहकाचे पहिले जनुक १९९६ मध्ये यूलिख येथेच सापडले. एम. व्हर्लिच, हर्मान साम आणि लोथार एगेलिंग यांनी कॉरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकममधील लायसीन सोडणाऱ्या या प्रथिनास लायस-ई असे नाव दिले. अमिनो आम्ल पेशीबाहेर सोडणारा आणि रेणवीय पातळीवर ओळख पटलेला हा पहिलाच वाहक होय. त्याचे जनुक काढून टाकले तर लायसीनची जावक थांबते, आणि त्याच्या प्रती वाढवल्या तर जावकीचा वेग सुमारे पाचपट होतो, असे या संशोधनात आढळले.

निसर्गात जीवाणू इतक्या कष्टाने बनवलेले अमिनो आम्ल बाहेर का टाकतो, या प्रश्नाचे उत्तरही याच प्रयोगातून मिळाले. लायसिल-ॲलनीन हे दोन अमिनो आम्लांचे जोडपेप्टाइड माध्यमात घातले की जीवाणू ते आत घेऊन फोडतो. कॉरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम लायसीनचे विघटन करून ते वापरू शकत नाही, त्यामुळे ते पेशीत साचत जाते. लायस-ई नसलेल्या पेशींत लायसीनची संहती एक मोलरच्याही वर गेली आणि त्यांची वाढ थांबली. म्हणजे मुळात हे दार कारखान्यासाठी बनलेले नाही. प्रथिनयुक्त अन्नावर वाढताना अंगावर येणाऱ्या अतिरेकातून सुटण्याची ती वाट आहे. लायस-ईचे नियमन करणारे लायस-जी हे प्रथिन पेशीत लायसीन, आर्जिनीन किंवा हिस्टिडीन वाढल्याची चाहूल लागताच वाहकाचे जनुक कार्यान्वित करते.

हैदराबाद येथील संशोधन

उदगीर तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता आणि आजही उच्च शिक्षण, उपचार व व्यापार यांसाठी या भागातील लोकांचा हैदराबादशी संबंध आहे. या विषयावरील महत्त्वाचे भारतीय काम त्याच शहरातील डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्रात झाले. ते कॉरिनेबॅक्टेरियमवर नसून एश्चेरिकिया कोलाय या, प्रयोगशाळेत सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या जीवाणूवर आहे. थ्रिओनीन व ट्रिप्टोफेन यांच्या औद्योगिक उत्पादनासाठी आणि काही प्रमाणात लायसीनसाठीही हाच जीवाणू वापरला जातो.

२००४ मध्ये मधुसूदन नंदिनेनी आणि जे. गौरीशंकर यांनी या जीवाणूतील कार्य अज्ञात असलेल्या एका जनुकाची ओळख पटवली. त्यांच्या प्रयोगात कॅनॅव्हॅनीन हा पदार्थ महत्त्वाचा ठरला. अबईच्या बियांमध्ये असलेला हा पदार्थ रचनेने आर्जिनीनसारखा दिसतो. पेशी फसते, तो आर्जिनीनऐवजी प्रथिनांत गुंफते आणि प्रथिने निकामी होतात. वनस्पतीचे हे संरक्षक विष होय. ज्या जीवाणूत हे अज्ञात जनुक नाहीसे केले होते तो कॅनॅव्हॅनीनला अतिशय संवेदनशील ठरला; म्हणजे एरवी हे जनुक ते विष बाहेर फेकत होते. प्रती वाढवल्यावर आर्जिनीनची जावकही वाढली. तेव्हा या जनुकाला आर्ग-ओ असे नाव सुचवण्यात आले. त्याचे प्रथिन लायस-ईशी साधर्म्य दाखवते आणि त्याचे नियंत्रण करणारे आर्ग-पी हे प्रथिन लायस-जीच्याच कुळातले आहे. दोन दूरच्या जीवाणूंत एकच व्यवस्था वेगवेगळ्या कामी लागलेली दिसते.

या व्यवस्थेत एक विलक्षण गोष्ट आढळली. आर्जिनीन वाढले की आर्ग-पी आर्ग-ओचे जनुक चालू करते. लायसीन असेल तर मात्र ते जवळजवळ पूर्ण बंद राहते. हे बंद राहणे नेहमीच्या पद्धतीचे नाही. सर्वसाधारणपणे जनुक बंद असते तेव्हा जनुकाची प्रत काढणारा विकर, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, तेथे पोहोचतच नाही. राकेश लैश्रम आणि गौरीशंकर यांनी २००७ मध्ये दाखवले की, लायसीनच्या उपस्थितीत आर्ग-पी या विकराला जनुकाच्या आरंभस्थानी बोलावून आणते, पण तेथून पुढे सरकू देत नाही. गाडी फलाटावर लागलेली आहे, सिग्नल मात्र लाल आहे, असा हा प्रकार होय. अभियांत्रिकीच्या दृष्टीने याचा परिणाम थेट आहे. एखाद्या वाणातून आर्जिनीन मिळवायचे असेल आणि पेशीत लायसीनही भरपूर असेल, तर आर्ग-ओच्या प्रती नुसत्या वाढवून भागत नाही. जनुकाला दुसरा आरंभक जोडावा लागतो किंवा आर्ग-पीचे असे उत्परिवर्तित रूप घ्यावे लागते जे लायसीनला जुमानत नाही. अशी उत्परिवर्तने २००४ च्या संशोधनातच मिळाली होती.

तरीही एश्चेरिकिया कोलायमध्ये लायसीन कोठून बाहेर जाते हा प्रश्न उरलाच. लायस-ईचा नातेवाईक असलेले आर्ग-ओ लायसीनने बंद होत असेल, तर ते लायसीनचे मुख्य दार असू शकत नाही. अमित पठानिया आणि अभिजित सरदेसाई यांनी याच केंद्रातून २०१५ मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. आर्ग-ओ नसलेल्या आणि म्हणून कॅनॅव्हॅनीनने मरणाऱ्या जीवाणूला कोणत्या जनुकाच्या जादा प्रती वाचवतात, याचा शोध त्यांनी घेतला आणि त्यांना दुसरेच एक जनुक मिळाले. ते जनुक काढून टाकल्यावर जीवाणू कॅनॅव्हॅनीनला अधिक संवेदनशील झाला नाही. तो लायसीनच्या नकली रूपाला, म्हणजे थायलायसीनला, अतिसंवेदनशील झाला. लायसिल-ॲलनीनमुळेही त्याची वाढ खुंटली, अगदी यूलिखच्या प्रयोगासारखी. जनुकाचे प्रमाण वाढवले तेव्हा लायसीन बाहेर पडू लागले आणि शेजारी पेरलेला, लायसीनवाचून न वाढणारा दुसरा वाण त्यावर वाढला. १९५० च्या दशकातील ग्लुटामेटच्या परीक्षेचेच हे रूप होते. या प्रथिनाला त्यांनी लायस-ओ हे नाव सुचवले.

हे प्रथिन लायसीनचे वाहक आहे असे अजिनोमोतोच्या संशोधकांनी याआधी एका अमेरिकी पेटंटमध्ये वेगळ्या पद्धतीने नोंदवले होते, आणि हैदराबादच्या शोधनिबंधात ते स्पष्टपणे मान्य केलेले आहे. नव्या निबंधाचे महत्त्व त्यातील नियमनाच्या उलगड्यात आहे. लायसीन आर्ग-ओला दाबते आणि आर्जिनीन, आर्ग-आर या दुसऱ्या नियामकामार्फत, लायस-ओला काही प्रमाणात दाबते. एकाच्या बाहुल्याने दुसऱ्याचे दार बंद होते. त्यामुळे एकाचा अतिरेक बाहेर काढताना दुसरे विनाकारण गमावले जात नाही आणि पेशीतील दोघांचे प्रमाण टिकून राहते. आर्ग-ओचे प्रमाण कृत्रिमरीत्या कायम वाढते ठेवले तर तेही लायसीन सोडू लागते, हेही याच प्रयोगांत दिसले. दाराची निवड दाराच्या आकारापेक्षा ते केव्हा उघडते यावरच अधिक ठरते, असे यावरून म्हणता येते. पुढील वर्षांत सरदेसाई यांच्या गटाने आर्ग-ओ आणि लायस-ओ ही प्रथिने पटलातून कशी वळसे घेत जातात याचा अभ्यास केला. दोन्हींमध्ये पटलाच्या आत ऋणभारित अमिनो आम्लांची एक जोडी कार्यासाठी आवश्यक असल्याचे २०१६ आणि २०२१ मधील निबंधांत दाखवले आहे. कोणत्या जागी बदल केला तर दार रुंद होईल, याचा विचार अशा माहितीवाचून करता येत नाही.

इतर अमिनो आम्लांचे वाहक

थ्रिओनीनच्या बाबतीत रशियातील संशोधन अग्रेसर होते. मॉस्को येथील लिव्शित्स आणि सहकाऱ्यांनी एश्चेरिकिया कोलायमधील आरएचटी-ए, आरएचटी-बी आणि आरएचटी-सी हे वाहक शोधले. यांपैकी आरएचटी-ए याची कथा बोधक आहे. थ्रिओनीनच्या अतिरेकी मात्रेतही तग धरणारा एक उत्परिवर्तित वाण त्यांच्याकडे होता. त्याचे मूळ शोधता आढळले की जनुकाच्या आरंभसंकेताच्या लगेच आधीचे एकच अक्षर बदललेले आहे. त्यामुळे प्रथिनाचे प्रमाण वाढले होते. प्रथिन तेच होते, संख्या तेवढी बदललेली होती.

२००७ मध्ये दक्षिण कोरियात सांग युप ली यांच्या गटाने अशा साऱ्या गोष्टी एकत्र आणल्या. थ्रिओनीन परत आत घेणारा एक वाहक काढून टाकला, जावक वाहकांच्या प्रती वाढवल्या, आतील रसायनमार्गही सुधारला आणि प्रति लिटर ८२.४ ग्रॅम थ्रिओनीन मिळवले. त्याच वर्षी याच गटाने व्हॅलीनसाठी जावक वाहक आणि एक व्यापक नियामक यांचे प्रमाण वाढवले. नियामक एकट्याने उत्पादन सुमारे २२ टक्के वाढले, वाहक एकट्याने ४७ टक्के, आणि दोन्ही मिळून ११३ टक्के. दोघांची बेरीज ७० च्याही आत येते, हे येथे लक्षात घ्यावे. आतला प्रवाह वाढल्यावाचून दार रुंद करण्याचा लाभ मर्यादित राहतो आणि दार अरुंद असता प्रवाह वाढवून तो तुंबतो.

सिस्टीन हे पेशीला विशेष विषारी असल्याने त्याचे किण्वन जावक वाहकाशिवाय शक्यच झाले नसते. २००० मध्ये जर्मनीत सापडलेल्या ईएएम-ए या वाहकाच्या आधारावर सिस्टीनचे औद्योगिक उत्पादन उभे राहिले. पूर्वी सिस्टीन प्रामुख्याने केस व पिसे आम्लात उकळून काढले जाई. ट्रिप्टोफेनसाठी वायडीडी-जी हा जावक वाहक वापरतात. शिवाय ट्रिप्टोफेन आत ओढणारे तीन वाहक बंद करणे तितकेच महत्त्वाचे मानले जाते. शाखायुक्त अमिनो आम्ले व मेथिओनीन यांसाठी कॉरिनेबॅक्टेरियममध्ये बीआरएन-एफई हा दोन प्रथिनांचा वाहक आहे.

साखरेची आवक

जावकीइतकीच आवकही उत्पादनावर मर्यादा घालते. कॉरिनेबॅक्टेरियम ग्लुकोज आत घेताना त्याला फॉस्फेट जोडतो आणि ते फॉस्फेट फॉस्फोइनॉलपायरुव्हेट या पदार्थातून येते. हाच पदार्थ लायसीनच्या निर्मितीचाही पूर्वगामी आहे. त्यामुळे साखर आत येण्याचे भाडे उत्पादनाच्याच खिशातून दिले जाते. ही पद्धत बंद करून ग्लुकोज वेगळ्या वाहकाने आत आणला आणि फॉस्फेट स्वतंत्रपणे जोडले तर लायसीन वाढते, असे २०११ च्या सुमारास जपान व जर्मनीतील प्रयोगांत दिसून आले.

उसाच्या मळीच्या बाबतीत परिस्थिती आणखी गुंतागुंतीची होते. मळीतील साखर मुख्यतः सुक्रोज असते. कॉरिनेबॅक्टेरियम सुक्रोज आत घेऊन फोडतो, पण फ्रुक्टोजचा अर्धा भाग थेट वापरण्यासाठी लागणारा विकर त्याच्याकडे नाही. म्हणून फ्रुक्टोज एकदा बाहेर जातो आणि दुसऱ्या वाहकाने पुन्हा आत येतो. हा हेलपाटा वाचवण्यासाठी इतर जीवाणूंतील फ्रुक्टोज वापरणारे विकर त्यात घालण्याचे प्रयत्न झालेले आहेत.

पद्धती आणि मर्यादा

जावक वाहक सापडण्याचे तीन परिचित मार्ग वरील उदाहरणांत येऊन गेले: नकली अमिनो आम्लाला प्रतिकार, जोडपेप्टाइडचा ताण आणि शेजारी वाणाचे पोषण. त्यात आता दोन मार्गांची भर पडली आहे. २०१२ मध्ये यूलिख येथे लायस-जी हे नियामक प्रथिन झगमगत्या प्रथिनाच्या जनुकाला जोडून एक जैवसंवेदक बनवण्यात आला. ज्या पेशीत लायसीन अधिक ती अधिक झगमगते आणि यंत्राने अशा पेशी लाखोंतून एकेक करून निवडता येतात. दुसरा मार्ग निसर्गातील मिश्र डीएनएतून थेट वाहक शोधण्याचा आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०२२ मध्ये लायसीनच्या अतिरेकात तग धरण्याच्या कसोटीवर अशा प्रकारे एक नवा वाहक निवडला.

वाहक जितका अधिक तितके उत्पादन अधिक, ही समजूत मात्र टिकत नाही. पटलात जागा मर्यादित असते. परके पटलप्रथिन प्रमाणाबाहेर बनले तर ते नीट बसत नाही, पेशीचा विद्युत्दाब ढळतो आणि वाढ मंदावते. शिवाय फार सताड उघडे दार पेशीला स्वतःच्या वाढीसाठी लागणारे अमिनो आम्लही गमवायला लावते. याचे नामांकित उदाहरण मेथिलोफिलस मेथिलोट्रोफस या, मिथेनॉलवर वाढणाऱ्या जीवाणूचे आहे. त्यात लायस-ईचे मूळ जनुक घातले तेव्हा वाढीला बाधा आली. योशिया गुंजी आणि हिसाशी यासुएदा यांनी २००६ मध्ये त्या जनुकाचे एक उत्परिवर्तित रूप वापरले आणि लायसीन वाढले. जादा अक्षर शिरल्याने या रूपाचा संकेतक्रम मध्येच सरकलेला होता. ज्याला एरवी मोडके जनुक म्हटले गेले असते तेच तेथे उपयोगी ठरले.

विशिष्टता ही दुसरी मर्यादा आहे. बहुतेक वाहक एकाहून अधिक अमिनो आम्ले सोडतात. त्यामुळे हव्या पदार्थाबरोबर नको तेही बाहेर येऊन शुद्धीकरणाचा खर्च वाढतो.

पशुखाद्य आणि मराठवाडा

ज्वारीच्या दर १०० ग्रॅम प्रथिनात सुमारे २ ग्रॅम लायसीन असते, तर तूर व सोयाबीनमध्ये ते त्याच्या तिपटीच्या आसपास असते. भाकरीबरोबर वरण खाण्याने ही उणीव भरून निघते. डाळीत मेथिओनीन कमी आणि ज्वारीत त्यामानाने अधिक असल्याने परस्परपूरकता दोन्ही बाजूंनी आहे. उदगीर, लातूर परिसरातील डाळ गिरण्या व सोयाबीनची मोठी बाजारपेठ यांमुळे प्रथिनयुक्त पेंड व चुणी येथे उपलब्ध असते. तरीही कोंबडीखाद्यात पेंडेचे प्रमाण केवळ लायसीनसाठी वाढवणे महाग पडते, आणि उरलेल्या जादा प्रथिनातील नत्र विष्ठेतून वाया जाते. खाद्यात थोडे शुद्ध लायसीन मिसळले की पेंड कमी लागते. म्हणून सोयाबीनचा भाव चढला की कृत्रिम लायसीनची मागणी वाढते, आणि सोयाबीन उत्पादकाच्या व कुक्कुटपालकाच्या हितात येथे फरक पडू शकतो.

गाई-म्हशींच्या बाबतीत हा हिशेब लागू पडत नाही. उदगीर-देवणी परिसरातील देवणी गाईंसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजीव मोकळे लायसीन विघटित करून टाकतात. त्यांच्यासाठी मेदाचे आवरण दिलेले लायसीन लागते. साधे लायसीन घालून दूध वाढेल अशी अपेक्षा त्यामुळे निराधार आहे.

बाजारात लायसीन प्रामुख्याने दोन रूपांत मिळते. लायसीन हायड्रोक्लोराइड स्फटिकरूप असून त्यात किमान ७८ टक्के लायसीन असते. लायसीन सल्फेटमध्ये प्रमाण कमी असते, कारण त्यात किण्वनातील जीवाणूंचे वाळलेले पेशीद्रव्यही राहते. सुधारित जीवाणूंच्या वापराविषयी नियामक संस्था विचारतात तो प्रश्न दुसऱ्या रूपाच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ठरतो. पहिल्यात पेशी गाळून वेगळ्या केलेल्या असतात.

भारताला लागणारे लायसीन मोठ्या प्रमाणावर आयात केले जाते आणि जगातील सर्वांत मोठा उत्पादक चीन आहे. किण्वनासाठी लागणारी साखर येथे आहे. लातूर जिल्ह्यासह मराठवाड्यातील साखर कारखान्यांची मळी मुख्यतः मद्यार्क व इथेनॉलकडे जाते. लायसीनसाठी मळी वापरायची तर तिच्यातील बायोटीनचे प्रमाण, क्षार आणि रंगद्रव्ये यांचा विचार करावा लागतो. ग्लुटामेटसाठी मळीतील भरपूर बायोटीन ही अडचणच असते, आणि म्हणूनच तेथे पेनिसिलीन किंवा पृष्ठक्रियाशील पदार्थ वापरण्याची पद्धत रूढ झाली. लायसीनला ही अडचण नाही.